मागच्या चाकांचा हिवाळा

पहाटेचा स्टँड

डिसेंबरात धानोऱ्याच्या बसस्टँडसमोर पहिली हालचाल होते ती चहाच्या टपरीवर. पहाटेचे साडेपाच, पारा दहा अंशांच्या आसपास. रस्त्याच्या कडेला शेकोटी आणि तिच्याभोवती कानाला दुपट्टे गुंडाळलेले चार-पाच ड्रायव्हर. त्यांतला एक मध्यमवयीन ड्रायव्हर उठतो, जीपच्या काचेवरचं दव दुपट्ट्याने निपटून काढतो, मागच्या टायरच्या खाचांत अंगठ्याचं नख घालून पाहतो. मग रस्त्यावर जाऊन चपलेचा तळवा डांबरावर दाबून पुढे ओढतो. एकदा कडेला, एकदा मध्यावर. काय पाहताय, असं विचारल्यावर तो म्हणाला, “रस्ता पाहून घेतो जी. चप्पल सरकली का समजायचं, मागचे चाकं बी सरकतीन.”

या अंकासाठी संपादकांनी ‘वेग’ हा विषय दिला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आल्या त्या मागच्या चाकांवर धावणाऱ्या स्पोर्ट्‌स कार आणि युरोपातले हिवाळी रस्ते. ताकदवान इंजिन, हलका देह, मागच्या दोन चाकांना मिळणारा जोर आणि खाली निसरडा रस्ता. गाडी चालवण्याचं खरं कसब तिथे लागतं, असं मोटारींच्या जगात मानलं जातं. आपल्याकडे स्पोर्ट्‌स कार मोजक्या आणि बर्फ हिमालयात. पण मागच्या चाकांवर चालणारी गाडी, थंडीतला निसरडा रस्ता आणि त्या दोघांवर पोट असलेला माणूस, हे तिन्ही एका ठिकाणी पाहायचे, तर गडचिरोली जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा तालुका गाठावा लागतो.

गडचिरोलीहून धानोरा सुमारे ३५ किलोमीटर. राष्ट्रीय महामार्ग ९३० चंद्रपूर, मूल, गडचिरोली करत इथे येतो आणि मुरूमगाववरून छत्तीसगडात शिरतो. या रस्त्याला फुटलेल्या फाट्यांवर रांगी, पेंढरी, गट्टा अशी गावं जंगलात विखुरली आहेत. जिल्ह्यात रेल्वे आहे ती वडशाला, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला. त्यामुळे बाजार, दवाखाना, शाळा, तहसील, लग्न, नाटक, सगळं चाकांवर. एसटीची फेरी हुकली की जीप, पिकअप, ट्रॅक्टर. आणि ही झाडून सगळी वाहनं मागच्या चाकांच्या जोरावर चालतात.

ढकलणारी चाकं

शहरातल्या बहुतेक मोटारींना आज पुढची चाकं ओढतात. इंजिन पुढे, त्याचा भार पुढच्या चाकांवर आणि जोरही त्यांनाच. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत कामाची वाटणी असते. पुढची चाकं वळायचं बघतात, मागची ढकलायचं. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून निघते, गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या लांब शाफ्टने मागे पोचते आणि डिफरन्शियलमधून दोन चाकांत वाटली जाते.

स्पोर्ट्‌स कार बनवणारे ही रचना मुद्दाम निवडतात. गाडी जोरात सुटताना तिचा भार मागे सरकतो, म्हणजे जोर लावणाऱ्या चाकांवर नेमका त्याच क्षणी दाब वाढतो. पुढच्या चाकांना ओढायचं काम नसल्यामुळे स्टेअरिंग स्वच्छ लागतं, रस्ता हाताला कळतो. कोरड्या रस्त्यावर या मांडणीसारखी मजा नाही.

रस्त्याची पकड कमी झाली की हिशेब उलटतो. पुढच्या चाकांची गाडी निसरड्यावर जास्त वेगात वळवली, तर ती वळायचं सोडून सरळ जाऊ लागते. माणूस घाबरून पाय उचलतो, गाडी मंदावते आणि पुष्कळदा सावरते. मागच्या चाकांच्या गाडीत वळणावर रेस जास्त झाली, तर मागची चाकं फिरतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर निघतो. इथे घाबरून पाय झटकन उचलला, तर भार पुढे जातो, मागची बाजू आणखी हलकी होते आणि गाडी गर्रकन फिरते. ब्रेक दाबला तर त्याहून वाईट. म्हणजे भीतीने जे आपसूक होतं, तेच इथे घात करतं. गाडी सावरायची, तर मागचा भाग ज्या बाजूला निघाला त्याच बाजूला स्टेअरिंग द्यायचं, रेस हळूहळू सोडायची आणि नजर जिकडे जायचंय तिकडे ठेवायची.

एकेकाळी हे ज्ञान देशभर सगळ्याच ड्रायव्हरांकडे होतं. अ‍ॅम्बॅसिडर मागच्या चाकांची, मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनीही मागच्याच चाकांची. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढची चाकं ओढणारी गाडी घराघरांत पोचली. शहरं जुनी सवय विसरली. धानोऱ्यासारख्या भागात मात्र कमांडर, ट्रॅक्स, सुमो, बोलेरो असा वंश अखंड चालू राहिला. कारण साधं आहे. इथे गाडी माणसं आणि माल भरून चालते, भार मागे पडतो आणि भार पडला की मागच्या चाकांची पकड वाढते. शिवाय मागचा अखंड एक्सल आणि त्याला धरून ठेवणारे लोखंडी पाटे झाडाखाली जॅक लावून दुरुस्त होतात.

बर्फ नाही, पण

पकडीचा हिशेब आकड्यांत पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या, चांगल्या डांबरावर ब्रेक लावल्यापासून साधारण २० मीटरमध्ये थांबते. ओल्या डांबरावर तिला ३५ मीटरच्या आसपास लागतात. दाबून बसलेल्या बर्फावर ७० आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर १४० मीटर. धोका डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी १७ मीटर मिळवायचे. हे सगळे आकडे चांगल्या टायरचे.

धानोऱ्याच्या रस्त्यावर यांतला बर्फ नाही, पण कोरडं आणि ओलं यांच्यामधल्या आणि ओल्याच्याही पलीकडच्या कितीतरी पायऱ्या इथे एका सकाळी भेटतात. जंगलातून जाणाऱ्या पट्ट्यात पहाटे दव इतकं पडतं की झाडाखालचा रस्ता पाऊस होऊन गेल्यासारखा काळा दिसतो. दिवसभरात बसलेली बारीक धूळ आणि ट्रकांनी गाळलेलं तेल त्या दवात मिसळतं. धो धो पावसात हा लेप वाहून तरी जातो. दवाने तो फक्त भिजतो आणि बुळबुळीत होतो. उन्हात आलेलं वळण साडेआठला कोरडं असतं आणि पुढचंच, सागाच्या सावलीतलं वळण दहा वाजेपर्यंत ओलं राहतं. रोजचा ड्रायव्हर रस्त्याचा रंग पाहून पाय आधीच सैल करतो.

त्यात हा धानाचा मुलूख. दिवाळीच्या आगेमागे कापणी सुरू होते. कापलेल्या धानाच्या कडपा बांध्यांत, म्हणजे शेतातच, वाळतात, मग त्यांचे पुंजणे रचले जातात आणि पुढे चुरणं चालतं. अंगणात, खळ्यात जागा पुरेना की धान रस्त्याच्या कडेला येतं. तापलेल्या डांबरावर ते लवकर वाळतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो तयार ओटा असतो. कुठे तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरलेली, कुठे धानाचा सोनेरी पट्टा, त्याच्या कडेने लावलेले दगड. कोरड्या तणशीवर टायर डांबराला टेकतच नाही, काडीवर काडी घसरते आणि तिच्यावरून गाडी. ओली तणस आणखी दगा देते. दोन चाकं डांबरावर आणि दोन तणशीवर असताना ब्रेक लागला, तर डांबरावरची बाजू धरते, तणशीवरची सुटते आणि गाडी आडवी होते.

शिवाय बांधीतून वर चढणारे ट्रॅक्टर. त्यांच्या मोठ्या चाकांच्या नक्षीत अडकलेली चिकणमाती महामार्गावर ढेकळाढेकळांनी सांडते, पुढच्या वाहनांखाली चेपते आणि रात्रीच्या दवात तिचं लेपण होतं. बर्फाळ देशांतल्या ड्रायव्हराला जसा सावलीतला न दिसणारा गोठलेला थर माहीत असतो, तसा इथल्या ड्रायव्हराला प्रत्येक बांधीचा चढ माहीत असतो.

वजन कुठे बसलं

स्टँडवर जीप भरताना ड्रायव्हर माणसं कशी बसवतो ते पाहण्यासारखं असतं. तांदळाचा कट्टा आधी आत, मधल्या सीटच्या पाठीला टेकून. म्हातारी माणसं मधे. मागच्या आडव्या बाकड्यांवर पोरंटोरं. लोखंडी पेटी टपावर नको, खाली घ्या. दिसायला ही नेहमीची लगबग, पण ती अचूक विज्ञानाला धरून असते.

जोर मागच्या चाकांना मिळतो, म्हणून भार मागच्या एक्सलवर हवा. पण एक्सलवर हवा, त्याच्या मागे नको. माणसं मागच्या पायरीवर लोंबकळली की एक्सल टेकू होतो, मागची बाजू दबते आणि पुढची उचलते. पुढची चाकं जमिनीला नुसती शिवत राहतात. स्टेअरिंग एकदम हलकं लागतं आणि नवख्याला बरं वाटतं. प्रत्यक्षात गाडी वळायचं विसरलेली असते. बांबूच्या ओझ्यालाही हाच हिशेब लागू. मेंढा-लेखा हे गाव इथून तीन किलोमीटरवर. २००९ साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेला बांबू विकण्याचा अधिकार. बांबू वाहनाच्या हौद्याबाहेर लांबवर निघतो. तो किती बाहेर काढायचा आणि पुढे किती रेटायचा, यावर पुढच्या चाकांची पकड ठरते.

उलट, गाडी रिकामी असेल तर मागे भार उरत नाही. इंजिन पुढे असल्यामुळे रिकाम्या जीपचं किंवा पिकअपचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या चाकांवर असतं. पाटे भरल्या ओझ्यासाठी बनवलेले, रिकाम्या गाडीत ते वाकत नाहीत. खड्ड्यावरून गेलं की मागचं चाक उसळतं, आणि हवेतल्या चाकाला कसली आली पकड? धानोऱ्यातल्या एका पिकअपवाल्याने हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर, रेतीची चार पोती बांधून ठेवली आहेत. माल उतरवून परतताना ती तिथेच राहतात. अमेरिकेतल्या बर्फाळ राज्यांत पिकअपचे मालक हिवाळा लागला की हेच करतात. दोघांनी एकमेकांचं पाहिलेलं नाही. दोघांना शिकवलं ते मागच्या चाकांनी.

मोटारशर्यतींच्या इतिहासातही याचा दाखला आहे. जानेवारीत आल्प्स पर्वताच्या बर्फाळ घाटांतून होणारी मोंटे कार्लो रॅली १९६८, १९६९ आणि १९७० अशी लागोपाठ तीन वर्षं पोर्शे ९११ ने जिंकली. पहिल्या वर्षी व्हिक एल्फर्ड, पुढची दोन वर्षं ब्यॉर्न वाल्डेगॉर्ड. ही अस्सल स्पोर्ट्‌स कार, मागच्या चाकांची. पण तिचं इंजिन मागच्या एक्सलच्याही मागे बसवलेलं, त्यामुळे सुमारे साठ टक्के भार मागे. चढावर बर्फातून ती नेटाने सुटायची. मात्र त्याच मागच्या वजनाला वळणावर एकदा झोल बसला की आवरणं कठीण, म्हणून ती चालवायला तसेच तयार हात लागत. पुढे चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्या आल्या, तरी १९८३ चं जागतिक रॅलीचं निर्मात्यांचं विजेतेपद मागच्या चाकांच्या लान्सिया ०३७ नेच नेलं. त्यानंतर मागच्या चाकांच्या गाडीला ते पुन्हा मिळालं नाही.

नाटकाची रात्र

धानोरा येतं त्या झाडीपट्टीतला हिवाळा म्हणजे नाटकांचा हंगाम. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्री नाटक. वडसा हे नाटक कंपन्यांचं माहेरघर. होळीपर्यंत कलावंत, वादक, पडदे, दिवे आणि ध्वनियंत्रणा रोज नव्या गावाला निघालेली असते. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि उजाडायच्या सुमारास प्रयोग संपतो. आजूबाजूच्या गावांतून प्रेक्षक येतात ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आणि जीपमध्ये, चादरी-घोंगड्यांसह.

मोंटे कार्लोच्या रॅलीत तुरिनी खिंडीतली रात्र प्रसिद्ध आहे. अंधार, बर्फ, वळणं, दोन्ही बाजूंना प्रेक्षक. झाडीपट्टीच्या ड्रायव्हराची रात्र तिच्यापेक्षा सोपी नसते. फरक इतकाच की त्याच्या मागे झोपलेली माणसं असतात आणि त्याचं यश म्हणजे त्यांतल्या कुणालाही जाग न येणं.

नाटक सुटल्यावरची पहाट खरी कसोटीची. दव सर्वांत जास्त पडलेलं, रस्ता सर्वांत गार, ड्रायव्हरच्या डोळ्यांत रात्रभराची झोप. माणसं त्यांच्या गावांत उतरवली की गाडी रिकामी होते. आता ती हलकी आहे, रस्ता मोकळा आहे, घर जवळ आहे, पाय आपोआप जड होतो. जाणत्या ड्रायव्हरांशी बोलताना एक गोष्ट सगळ्यांच्या तोंडून येते. भरल्या गाडीत ते भीत नाहीत, रिकाम्या गाडीत भितात. “भरली गाडी बसून चालते, रिकामी नाचते,” असं एकाने सांगितलं.

यावरचा त्यांचा उपाय कुठल्याही हिवाळी ड्रायव्हिंग शाळेत शिकवतात तोच आहे. ओल्या वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच वेग उतरवायचा. वळणात ब्रेक नाही, गिअर नाही. खालचा गिअर टाकायची वेळ आलीच, तर क्लच एकदम सोडायचा नाही, नाहीतर इंजिनाचा अडसर एका झटक्यात मागच्या चाकांवर येतो आणि ती घसरतात. चढावर पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरात सुटायचं, म्हणजे जोर मऊ पोचतो. टायरची पकड कोठीतल्या धानासारखी असते. ती मोजकीच, आणि त्यातूनच वळणं, थांबणं, पळणं या तिघांना वाटा द्यायचा. एकाने जास्त उचललं की दुसऱ्याला उरत नाही.

गाडी एका चाकाने चिखलात रुतली, तर आणखी एक युक्ती. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो, म्हणून एक चाक चिखलात फुकट फिरू लागलं की दुसऱ्यालाही तेवढाच तोकडा वाटा येतो. अशा वेळी जुने ड्रायव्हर हँडब्रेक थोडा, दोन-तीन खटके, ओढतात आणि बेताने रेस देतात. हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो. फिरणारं चाक आखडतं आणि कोरड्यावरच्या चाकाला जास्त जोर मिळून गाडी वर येते. महागड्या मोटारींत हेच काम संगणक करतो.

धुक्यात उभी ट्रॉली

कठाणी नदीच्या काठाने आणि बोड्या-तलावांच्या आसपास सकाळी धुकं साचतं. अवकाळी पाऊस होऊन गेल्यावर आभाळ निवळलं की ते जास्तच दाट येतं. धुक्यात मोठा दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण प्रकाश थेंबांवरून परत डोळ्यांत येतो. दिवा खाली आणि नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर, हा नियम. जिथे ती रेष पुसली गेली आहे, तिथे मुरमाची कड हीच खूण.

पण धुक्यातला सगळ्यांत मोठा धोका रस्त्यावर उभा असतो. हंगामात आदिवासी विकास महामंडळाच्या आधारभूत खरेदी केंद्रांवर धान घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. वाटेत एखादी ट्रॉली पंक्चर होते आणि तिथेच रात्र काढते. मागे दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही, फार तर झाडाची फांदी आणि चार दगड. ताशी ६० च्या वेगात, ओल्या रस्त्यावर, थांबायला प्रतिक्रियेच्या वेळेसह पन्नासेक मीटर लागतात आणि धुक्यात दिसतं तीसच मीटर. ही वजाबाकी कुणाही ड्रायव्हरला कसबाने बदलता येत नाही. दिसतं तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग, एवढंच त्याच्या हातात राहतं. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर लावलेली लाल परावर्तक पट्टी मात्र ते अंतर कितीतरी वाढवते, आणि तिची किंमत डिझेलच्या एखाद्या कॅनहून कमी असते.

रस्त्यावर जंगलाचाही हक्क आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप याच बाजूने जिल्ह्यात आला. हत्ती पिकलेल्या धानाच्या मागावर बांध्यांत उतरतात आणि रात्री रस्ता ओलांडतात. करडं जनावर करड्या धुक्यात शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. चितळ, रानडुक्कर तर रोजचेच. अचानक समोर काही आलं की हात स्टेअरिंग झटकतो, आणि ओल्या रस्त्यावर मागच्या चाकांच्या गाडीला तो झटका सोसत नाही.

या सगळ्यातून रुग्णही न्यावे लागतात. १०८ क्रमांकाची सेवा राज्यात २०१४ पासून आहे, तरी आडवाटेच्या गावातून बाळंतपणाची बाई मुख्य रस्त्यापर्यंत येते ती पुष्कळदा गावातल्या जीपनेच. चातगावला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचं शोधग्राम आहे. तिथल्या दवाखान्याकडे, धानोऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयाकडे किंवा गडचिरोलीला अशा गाड्या रात्री-बेरात्री निघतात. घाई असते तेव्हाच पाय सर्वांत हलका ठेवावा लागतो. आडवं झोपलेल्या माणसाला प्रत्येक झटका पाठीत लागतो आणि रस्त्याला तोच झटका टायरमधून लागतो. रुग्णाला जपून नेणारा ड्रायव्हर गाडीलाही जपतो, कारण दोन्ही एकाच पायाने होतं.

रबराची गोष्ट

टायरच्या दुकानात दोन बाकं, एक हवेची टाकी आणि भिंतीला टेकलेली जुन्या टायरांची चळत. गोटा झालेल्या टायरवर नवं रबर चढवून आणायची पद्धत इथे आहे, कारण नवी जोडी परवडत नाही. दुकानातलं पोरगं टायर फिरवून खाचांच्या तळाशी असलेला लहान उंचवटा दाखवतं. रबर झिजून त्या उंचवट्याला टेकलं, म्हणजे १.६ मिलिमीटर खाच उरली. त्याखाली गेलेला टायर पाणी बाजूला सारू शकत नाही.

जर्मनीत किंवा स्वीडनमध्ये नोकरीला गेलेल्या मराठी तरुणांना पहिल्याच हिवाळ्यात टायर बदलावे लागतात. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्ता हिवाळी असेल तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. कारण रबरात आहे. उन्हाळी टायरचं, आणि त्यातही स्पोर्ट्‌स कारच्या रुंद टायरचं रबर साधारण सात अंशांच्या खाली कडक होत जातं आणि रस्त्याला चिकटत नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्यावरच्या शेकडो बारीक चिरा बर्फाला धरतात. बर्फावर चारही चाकांची पण उन्हाळी टायरांची गाडी एकीकडे आणि मागच्या चाकांची पण हिवाळी टायरांची गाडी दुसरीकडे ठेवली, तर थांबायला आणि वळायला दुसरी बरी.

धानोऱ्याची थंडी रबर गोठवण्याइतकी नसते. त्यामुळे इथे हिवाळी टायर नकोत, खाचा हव्यात आणि हवा बरोबर हवी. तापमान दहा अंशांनी उतरलं की टायरमधला दाब एक ते दीड पौंडाने उतरतो. दुपारी भरलेली हवा पहाटे कमी भरते. उलट, भरल्या गाडीसाठी ठासलेली हवा रिकाम्या गाडीत जास्त होते, टायर मधोमध फुगतो आणि जमिनीला कमी टेकतो.

एक समज मात्र दूर व्हायला हवा. नवी जोडी आणली की ती पुढे लावायची आणि जुनी मागे ढकलायची, असा सर्रास रिवाज आहे. पुढचा टायर फुटला तर गाडी हातातून जाईल, ही त्यामागची भीती. ओल्या रस्त्यावर चांगली जोडी मागेच हवी. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि वेग उतरवून सावरता येते. मागची सुटली तर ती फिरते. ज्या गाडीला मागची चाकंच ढकलतात, तिच्यात हे दुप्पट खरं.

चाकणहून पुन्हा मागे

शहरांनी विसरलेली मागची चाकं आता परत येत आहेत. विजेच्या गाडीत बॅटरी तळाला पसरलेली असते, पुढे जड इंजिन नसतं आणि मोटर थेट मागच्या एक्सलवर बसवता येते. महिंद्राने २०२४ च्या नोव्हेंबरात दाखवलेली आणि चाकणला बनणारी बीई ६ अशीच मागच्या चाकांची आहे. तिच्या वरच्या प्रकाराची मोटर २१० किलोवॅट ताकद देते, आणि विजेच्या मोटरचा जोर पाय ठेवताक्षणी हजर असतो. बोलेरोच्या तिप्पटीहून जास्त ताकद मागच्या दोन चाकांवर घेऊन ज्यांना ती चालवायची आहे, त्यांतल्या अनेकांनी आयुष्यात मागच्या चाकांची गाडी चालवलेली नाही.

त्यांच्या मदतीला संगणक आहे. मर्सिडीज आणि बॉश यांनी १९९५ मध्ये रस्त्यावर आणलेली स्थैर्य-नियंत्रण प्रणाली स्टेअरिंग कुठे वळलंय आणि गाडी प्रत्यक्षात कुठे फिरतेय हे सतत ताडून पाहते. तफावत दिसली की एखाद्याच चाकाला ब्रेक लावून आणि मोटरचा जोर कापून गाडी ओळीत आणते. ही प्रणाली जीव वाचवते, यात शंका नाही. पण ती पकड निर्माण करत नाही, असलेली पकड नीट वाटून देते. तणशीवर टायर डांबराला टेकलेलाच नसेल, तर संगणकाकडेही वाटायला काही उरत नाही. धानोऱ्याच्या रस्त्यांवरच्या बहुतेक जुन्या जीपांत तर ही प्रणाली नाहीच. तिथे ती ड्रायव्हरच्या पायात, बुडाखाली जाणवणाऱ्या सरकण्यात आणि तळहातांत असते.

शिकायचं कुठे

वेग म्हणजे काटा किती पुढे गेला, असं आपण धरून चालतो. या रस्त्यांवर फिरल्यावर आणि बर्फातल्या शर्यतींचं तंत्र ताडून पाहिल्यावर मला ठामपणे वाटतं की निसरड्या रस्त्यावरचा वेग मऊपणातून येतो. रॅलीतला विजेता आणि पेंढरीच्या फाट्यावरून नाटकाची माणसं सुखरूप आणणारा ड्रायव्हर एकच काम करत असतात. रस्त्याकडे जेवढं आहे तेवढंच मागायचं आणि तेही हळूच मागायचं. एकाला त्यासाठी चषक मिळतो. दुसऱ्याचं हे कसब कौशल्य म्हणून कुठे नोंदलंही जात नाही.

आज हे कसब धानोऱ्यात पोचतं ते क्लीनरच्या बाकड्यावरून. पोरगं दोन-तीन वर्षं उस्तादाशेजारी बसतं, त्याचा पाय पाहतं, मग कधीतरी रिकाम्या रस्त्यावर स्टेअरिंग हाती येतं. उस्ताद चांगला मिळाला तर पोरगं शिकतं. नाही मिळाला, तर पहिली घसरण त्याला भर रस्त्यात, भरल्या गाडीसह भेटते. नॉर्वेमध्ये परवाना हवा असेल तर निसरड्या धावपट्टीवर गाडी मुद्दाम घसरवून पाहण्याचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं. आपल्या चाचणीत गाडी मागे घेता येते का हे बघतात, मागची चाकं सुटल्यावर पाय कुठे जातो हे बघत नाहीत.

यासाठी बर्फ लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी एक मोकळं मैदान, पाण्याचा एक टँकर, थोडी तणस, एक जुनी रिकामी जीप आणि शिकवायला पंचवीस हिवाळे या रस्त्यांवर काढलेला कुणी ड्रायव्हर. ताशी वीसच्या वेगात गाडी फिरू द्यायची, नव्या पोराच्या पायाला घाबरू द्यायचं, मग सावरू द्यायचं. चार वेळा सावरलेला पाय पाचव्यांदा आपोआप योग्य जागी जातो. धान खरेदी केंद्रावर येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला काट्यावरच परावर्तक पट्टी लावायची. गावाशेजारी धान वाळवायला सिमेंटचे ओटे बांधायचे, म्हणजे शेतकऱ्याला डांबराकडे यावं लागणार नाही. नाटक कंपन्यांनी आणि मंडळांनी ड्रायव्हरला पहाटे निघण्याआधी दोन तास झोपायला जागा आणि घोंगडी द्यायची. यातलं एकही काम मोठ्या निधीअभावी अडलेलं नाही. येत्या कापणीपूर्वी तालुका प्रशासन, ग्रामसभा आणि नाटक मंडळं एकत्र बसली, तर ही कामं पुढच्या हिवाळ्याआधी उभी राहू शकतात, आणि शिकवायला लागणारे उस्ताद धानोऱ्याच्या स्टँडवर आजच हजर आहेत.